बदलायची परवानगी

निपाणीच्या स्टँडवर गाडी नीट थांबायच्या आतच खिडकीतून टॉवेल टाकून जागा धरायची, ही तिकडची जुनी रीत. ज्याचा टॉवेल त्याची जागा. ह्याच्यापुढं कंडक्टरचंसुद्धा काही चालत नाही. आणि नेमका हाच कायदा सोनुबाईनं नोकरीच्या पहिल्या दिवशी मोडला.

तिनं काय केलं, तर दारातून रीतसर चढली, सीटवरचा निळा टॉवेल उचलला, त्याची छान घडी घातली, ती मांडीवर ठेवली आणि ऐटीत बसली. मागून गर्दीत धक्के खात एक उंच, सावळा तरुण आला. गळ्यात सायकलची नवी ट्यूब अडकवलेली, कपाळावर घाम.

“ही जागा माझी हाय.”

“नाव लिहिलंय कुठं?”

“टॉवेल टाकलाय की.”

“टॉवेल तुमचाच आहे,” म्हणत तिनं घडी त्याच्या हातात ठेवली. “घ्या. जागा सरकारची.”

चार माणसं बघायला लागली. तो भांडणार असं तिला वाटलं, आणि तिनं उत्तरही तयार ठेवलं होतं. पण त्यानं एकदा त्या घडीकडे बघितलं, एकदा तिच्याकडे बघितलं… आणि हसला. मग तासभर दांडीला धरून उभा राहिला. सोनुबाईनं खिडकीबाहेर बघायचं ठरवलं होतं. बाहेर बघण्यासारखं होतं काय — ऊस, ऊस आणि ऊस. तरी तिनं मान वळवली नाही… म्हणजे फारशी नाही. साखर कारखान्याच्या फाटकाशी ती उतरली, तर मागोमाग तोही उतरला. दोघांनी एकमेकांकडे बघितलं आणि दोघांचीही पंचाईत झाली.

साल अठ्ठ्याऐंशी. कारखान्यानं त्या वर्षी कॉम्प्युटर आणला होता. म्हणजे एक मोठी पेटी आणि तिला वायरींनी जोडलेले, ऑफिसभर टेबलांवर ठेवलेले चार पडदे. पेटीला गारवा लागतो म्हणून तिला काचेची खोली, खोलीला एसी, आणि धूळ नको म्हणून चपला बाहेर. दसऱ्याला तिला हळदकुंकू वाहून झालं, नारळ फोडून झाला. पण ती चालवायला माणूस मिळेना. सोनुबाई बी.कॉम. झालेली, बेळगावात राहून वर्षभराचा कोर्स केलेली. घर निपाणीच्या भीमनगरात. वडील लोंढ्याला रेल्वेत, आणि आई तानीबाई तंबाखूच्या वखारीत. तानीबाई जन्मभर वखारीच्या मागच्या दारानं आत गेली आणि बाहेर पडताना झडती देऊन सुटली. तिची लेक आता अशा खोलीत बसली होती, की भलेभले दाराशी चपला काढून ‘येऊ का बाई?’ म्हणून विचारायचे. ह्याची सोनुबाईला गंमत वाटायची. खरं सांगायचं तर भीतीही वाटायची. इथं एक चूक झाली असती तर लोक मशीनला नावं ठेवणार नव्हते, भीमनगरच्या पोरीला ठेवणार होते.

मॅनेजरसाहेबांनी तिला काम दिलं ते असं : कुणी काय नुसतं बघायचं, कुणी नवीन भरायचं, भरलेलं कुणी बदलायचं आणि कुणी पुसायचं, हे ठरवून मशीनला सांगून ठेवायचं. ऐकायला सोपं. पण माणसं कशी, तर कुणाच्या खुर्चीची पाठ उंच ह्यावरून महिना महिना अबोला धरणारी. मारुतीराव हे शेती अधिकारी. त्यांनी त्या बटणांना कधी बोट लावलं नव्हतं आणि लावणारही नव्हते, तरी त्यांना पुसायची परवानगी पाहिजेच होती. का, तर मानाची म्हणून. सोनुबाईनं त्यांना बघायची दिली, तेव्हापासून ते तिच्या नमस्काराला नुसती मान हलवायचे.

शिवाय प्रत्येकानं आपला एक गुपित शब्द ठेवायचा होता. निम्म्या ऑफिसनं रेणुका ठेवला, उरलेल्यांनी जोतिबा. म्हणजे कुणीही कुणाच्याही नावानं आत जावं. तिनं सगळ्यांना ते बदलायला लावलं. तर गोडाऊनचा मष्णू दुसऱ्या दिवशी जेवायच्या सुट्टीत व्हरांड्याच्या ह्या टोकावरून त्या टोकाला ओरडून सांगू लागला, की मी आता बिरदेव ठेवलाय, माझ्यामाघारी कुणाचं अडलं तर खुशाल आत जावा. न सांगणं म्हणजे त्याला परकेपणा वाटत होता. सोनुबाईनं कपाळाला हात लावला.

आणि तो टॉवेलवाला? तो कृष्णात. मारुतीरावांच्या हाताखालचा कारकून, सदलग्याकडचा, शेतकरी घरातला. पहिल्यांदा तो काचेच्या दाराशी आला तेव्हा चपला हातात घेऊनच उभा होता.

“बाई, मला नुसती बघायचीच परवानगी?”

“सध्या बघा.”

“किती दिवस बघू?”

“तुमची नजर कशी आहे त्यावर आहे ते.”

बोलून गेल्यावर तिची तिलाच लाज वाटली. तो तर कानापर्यंत तांबडा झाला आणि हातातल्या चपला दाराशी ठेवून तिथंच विसरून गेला.

मग त्याला रोज काही ना काही काम निघू लागलं. पडदा पुसट दिसतोय. अक्षरं हलताहेत. एकदा तर गावच्या गुऱ्हाळावरची काकवी बाटलीतून घेऊन आला, मशीनला चालत नसेल तर तुम्हाला चालेल म्हणाला. तिच्या साडीला कायम तंबाखूचा बारीक वास असायचा. घरात आईच्या कपड्यांतून तो सगळीकडे भरलेला. ती म्हणून लांब उभी राहायची. त्याच्या ते ध्यानात आलं. एक दिवस फाटकाकडे चालता चालता तो म्हणाला, जन्मभर कारखान्याच्या मळीचा वास घेतलेल्या माणसाला हा वास फार बरा वाटतो.  त्या दिवसापासून तिनं लांब उभं राहणं सोडलं.

आता उसाचं थोडं सांगायला हवं. तोड लागते ती लागणीच्या तारखेप्रमाणं. ज्यानं आधी लावला त्याचा आधी तुटणार. पाळी उशिरा आली, की उन्हानं ऊस वाळतो, वजन घटतं, तुरे येतात. म्हणून तिकडं माणूस लेकराची जन्मतारीख विसरेल, लागणीची विसरणार नाही. आणि सोयीचं असलं तर ती पंधरवडाभर आधीची सांगायलाही विसरणार नाही. ह्या तारखा आता मशीनमध्ये होत्या. चुकलेल्या दुरुस्त करायला कुणाला तरी बदलायची परवानगी देणं भाग होतं. मारुतीराव बटण दाबेनात. नाव सोनुबाईनं सुचवायचं होतं.

तिनं बरेच दिवस कृष्णातचं काम बघितलं. शंका आली की तो स्वतःच्या मनानं काही भरत नसे, शिवारात जाऊन विचारून येत असे. तरी तिचं मन ठरेना. घरी भाकरी थापताना तिनं आईला सांगितलं. तानीबाईनं तवा उतरवला आणि विचारलं, “तो चांगला हाय म्हणून देतीस, का तुला आवडतो म्हणून?”

 रात्रभर सोनुबाईला नीट झोप लागली नाही. सकाळी तिनं त्याचं नाव लिहिलं, मॅनेजरसाहेबांनी सही केली. कृष्णातला तिनं एवढंच बजावलं, की तारखेला शेवटचा हात कुणाचा लागला ते मशीन लिहून ठेवतं. तो म्हणाला, ठेवू दे की. मग जाता जाता दाराशी घुटमळला.

“तुम्ही रजेवर असला की ही खोली… नुसती गार वाटते बगा.”

घरी जाताना गाडीत तिला उभं राहावं लागलं, आणि कुणाचा पाय पडला, कुणाची पिशवी लागली, तिला काही कळलं नाही. आपण ह्या माणसात गुंतलो आहोत, हे तिनं त्या दांडीला धरून स्वतःशी कबूल केलं.

संक्रांतीच्या आधी दोघांनी आपापल्या घरी लग्नाचा विषय काढला. तानीबाई म्हणाली, तुझ्या डोळ्यांवर माझा भरवसा हाय. कृष्णातच्या घरी मात्र वडिलांनी, यल्लाप्पांनी, पोरीचं घर कुठं ते ऐकलं आणि पुढचं ऐकलंच नाही. गावात तोंड दाखवायचं आहे मला, म्हणाले. नाव काढायचीसुद्धा बंदी केली. कृष्णात हे सांगताना खाली बघत होता. तिनं विचारलं, मग? तो म्हणाला, आप्पांचं मन वळवतो, थोडं थांबा. ती थांबली. थांबण्यात तिला कमीपणा वाटत होता, पण प्रेमच असं होतं की थांबली.

आणि एका सकाळी कृष्णात आला. दार लावून घेतलं आणि बसला नाही.

“माझी बदलायची परवानगी काढून टाका.”

तिला आधी हसू आलं. इथं जो तो वाढवून मागायला येत होता. काढून टाका म्हणणारा हा पहिला. पण त्याचा चेहरा बघून ते ओसरलं. मग त्यानं सांगितलं. काल जेवताना आप्पांनी आपण होऊन विषय काढला होता. ती पोरगी घरात यायला आता त्यांची ना नव्हती. लग्न दारात मांडव घालून करू, म्हणाले होते. फक्त ओढ्याकडच्या तुकड्याची तारीख पंधरवडाभर मागे घ्यायची होती. तोड लवकर लागेल, ऊस वाळायचा वाचेल. तुझ्याच हातात आहे, तुला कोण विचारतंय, असं आप्पांचं म्हणणं.

“परवानगीच नसली म्हंजे सांगता येईल मला,” कृष्णात म्हणाला. “माझ्या हातात न्हाय म्हणून.”

एसी घरघरत होता. सोनुबाईला आधी अपमान वाटला, अंगावर काटा यावा असा. तिच्या जातीवरून अडलेलं दार उसाच्या एका तुकड्यावर उघडत होतं. म्हणजे तिची किंमत पंधरवडाभराची. आणि मग लगेच, ह्याची तिला पुढं कितीतरी दिवस लाज वाटत राहिली, मनात आलं की — करू दे की. एक तारीख तर बदलायची. सगळेच सांगतात खोटी. मांडव पडेल, आई नवी साडी नेसेल… कोण बघतंय? तिनं टेबलाची कड घट्ट धरली. बघणारी तीच होती. त्यासाठीच तर तिला ह्या खोलीत बसवलं होतं.

“नाही काढणार,” ती म्हणाली.

“अहो, पण—”

“तुमचे हात बांधायचं काम माझं नाही, कृष्णात. मी तुम्हाला बघून ती दिलीय. हातात नाही असं सांगू नका त्यांना. हातात आहे, पण करणार नाही, असं सांगा.”

“घरातनं बाहेर काढतील.”

“माहीत आहे मला.”

“आणि आपलं?”

 तारीख बदलली तर घर मिळणार होतं, पण हा माणूस तिच्या मनातून उतरणार होता. नाही बदलली तर माणूस उरणार होता, पण घराचं दार कायमचं मिटणार होतं.  तिचा हा हिशेब पुरा व्हायच्या आत तो निघून गेला. करणार नाही, असं तो म्हणाला नव्हता. हेच तिच्या डोक्यात दिवसभर फिरत राहिलं.

दोन दिवस तो तिच्या खोलीकडे फिरकला नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी आल्या आल्या तिनं पडदा सुरू केला आणि जे बघायचं नाही असं गाडीत बसून ठरवलं होतं, तेच उघडलं. ओढ्याकडचा तुकडा, मालक यल्लाप्पा. आणि खाली, शेवटचा हात कुणाचा : कृष्णात. कालची संध्याकाळ.

ती पुढं वाचू शकली नाही. डोळे भरून आले आणि अक्षरं एकात एक मिसळली. ह्या माणसासाठी आपण आईसमोर मान वर करून बोललो, असं तिच्या मनात आलं. मग तिनं डोळे पुसले आणि जे काम तिचं होतं ते केलं. त्याची बदलायची परवानगी काढली. भरायची काढली. बघायचीही काढली. मॅनेजरसाहेबांना विचारलंसुद्धा नाही.

दुपारी तो आला. काचेच्या बाहेरच उभा राहिला, चपला न काढता. तिला उठून दारात जावं लागलं.

“माझं नाव घेईना मशीन,” तो म्हणाला. “दार लावलंत?”

“लावलं. मागत होता ना तुम्ही? जरा लवकर लावायला हवं होतं.” ती दारातून बाजूला झाली नाही. “झालं ना मनासारखं? आता मांडवाची तयारी करा. पण त्यात मी असणार नाही.”

 तो रागावला नाही. फार थकल्यासारखा दिसत होता, दाढी वाढलेली, शर्ट कालचाच.

“तारीख बघितली का, बाई?”

“नाव बघितलं. पुरे झालं.”

“तारीख बगा.”

ती आत गेली. ती नोंद पडद्यावर पुन्हा उघडली. आणि ह्या वेळी वाचलं. आधीची नोंद जूनच्या शेवटाची होती. यल्लाप्पांना ती जूनच्या मध्यावर न्यायची होती. पण आता तिथं होतं जुलै, जुलैचा मध्य. तारीख मागे गेलीच नव्हती, पुढं गेली होती. त्या तुकड्याची तोड लवकर नव्हे, आणखी उशिरा लागणार होती.

ती परत दाराशी आली. त्यानंच सांगितलं, तुटक तुटक.

“करणार न्हाय म्हणालो मी आप्पांना. तर हसले. म्हणाले, नोंदीला आलतास तवा जुलैची लागण जूनची लिवलीस, ती कुणाच्या तोंडाकडं बघून? तवा कुठं गेलती ही अक्कल?” तो थांबला. “खोटं न्हवतं त्यांचं. लिवलीती मीच. आप्पा सांगतील ते लिवायचं, एवढंच ठावं होतं. आता तुम्ही म्हणाला, करणार न्हाय म्हणून सांग. पर आधी केलेलं तसंच ठेवून कुठल्या तोंडानं म्हणू? मारुतीरावांना सगळं सांगितलं. लई बोलले. बोलू दे. आणि काल सांजच्याला खरी तारीख घातली.”

“आणि आप्पा?”

“तुझा ऊस न्हाय, तुझं घर न्हाय म्हणाले. मष्णूच्या खोलीवर हाय मी.”

सोनुबाई दारातच खाली बसली, उंबऱ्यावर, चपलांच्या शेजारी. सगळ्या ऑफिसला ती रोज सांगायची, आधी नीट वाचा आणि मग बटण दाबा. आणि स्वतःच्या माणसाच्या वेळी तिनं नुसतं नाव वाचलं होतं. परवानगी देताना रात्रभर जागलेली ती, काढताना घटकाभर थांबली नव्हती.

“चुकले मी,” ती म्हणाली. “फार चुकले. एवढंसुद्धा नाही थांबले तुमच्यासाठी.”

“मी तरी कुठं काय सांगून गेलतो,” तो म्हणाला आणि तिच्यापासून हातभर अंतरावर टेकला. “घाबरलोतो. सांगितलं आणि आप्पांम्होरं जमलंच न्हाय तर, म्हणून.”

हे ऐकून तिला त्याच्याबद्दल जे वाटलं ते आजवर कधी वाटलं नव्हतं. टॉवेलच्या वेळी गंमत वाटली होती, काकवीच्या वेळी लाज. आता त्याच्या त्या वाढलेल्या दाढीवरून हात फिरवावा असं वाटलं, भर कारखान्यात. तिनं तो हात पदरात घट्ट धरून ठेवला. मग उठून आत गेली आणि त्याच्या सगळ्या परवानग्या, होत्या तशा, एकेक करून परत दिल्या. ह्या वेळी प्रत्येक ओळ दोनदा वाचली.

बाहेर आली तर तो अजून तसाच बसलेला, फाटकाकडे बघत. उसाच्या गाड्यांची रांग लागली होती. बैलांच्या गळ्यातल्या घुंगरांचा आवाज येत होता आणि हवेत मळीचा वास दाटला होता.

“आप्पांची परवानगी तर आता ह्या जल्मात मिळत न्हाय,” तो म्हणाला. “तुमच्या आईची?”

“तिनं कधीच दिलीय.”

“मारुतीराव काय जेवायला बोलावणार न्हाईत. साहेबांना आपलं काय बी देणंघेणं न्हाय.” त्यानं तिच्याकडे वळून बघितलं. “मग आता कुणाची उरली?”

“माझी,” सोनुबाई म्हणाली.

त्याला कळेना.

“आप्पांना विचारलंत. माझ्या आईला विचारायला लावलंत. माझ्यापायी घरातून बाहेर पडलात.” तिचा आवाज हळू झाला. “सगळ्यांना विचारून झालं. मला विचारलंय का कधी?”

कृष्णात आठवू लागला. गाडी आठवली, काकवी आठवली, फाटकापर्यंतच्या सगळ्या वाटा आठवल्या. घरी विषय काढू का, असं विचारलं होतं. आप्पांचं मन वळवतो, थांबा, असंही म्हणाला होता. पण जे विचारायचं ते विचारलं नव्हतं. तो गडबडीनं उठून उभा राहिला, शर्ट खाली ओढला, आणि मग काय वाटलं कुणास ठाऊक, चपला काढून बाजूला ठेवल्या.

“सोनुबाई…” तो म्हणाला.  पहिल्यांदाच तिला नावानं हाक मारायचं, एकेरीत बोलायचं धाडस करत होता तो. “माझ्याकडं घर न्हाय. ऊस न्हाय. नोकरी हाय ती पण मारुतीराव ठेवतील तवर. माझ्यासंगं लगीन करशील?”

 तिनं त्याच्याकडे नीट बघून घेतलं, वरपासून खालपर्यंत, काही एक सुटू न देता.

“व्हय,” ती म्हणाली. “करीन की रं.”

सुट्टीचा भोंगा झाला. माणसं डबे घेऊन व्हरांड्यात येऊ लागली, आणि ती दोघं तिथंच उभी राहिली.